गाठ चमकवणारा रंग अन् बैलाच्या शिंगाचा कॅन्सर

राजूर (ता. वणी) : शिंगाच्या कॅन्सरने बैल गेला की जोडी फुटते आणि हंगाम अडतो. दुसरीकडे, जनावराच्या अंगातली कॅन्सरची गाठ चमकणाऱ्या रंगाने दाखवणारे तंत्र आले आहे. बैलासाठी त्याचा उपयोग किती, याची ही माहिती.

रंग काम कसा करतो?
'इंडोसायनिन ग्रीन' हा हिरवा रंग शिरेतून टोचतात. माणसांच्या तपासणीत तो १९५० च्या दशकापासून वापरात आहे. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून रंग तिथे साचतो. बाकीचा रंग यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. नंतर ठराविक प्रकाश टाकला की गाठ चमकते. ही चमक नुसत्या डोळ्याला दिसत नाही, खास कॅमेरा ती पडद्यावर दाखवतो. गाठीची कड समजल्याने ऑपरेशनमध्ये कॅन्सर मागे राहण्याचा धोका कमी होतो.

वापर कुठे?
परदेशात पाळीव कुत्र्यांच्या ऑपरेशनमध्ये. आपल्याकडे नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक' संस्थेत उंदरांवरील कॅन्सर संशोधनात असा प्रकाश टिपणारे कॅमेरे वापरतात.

शिंगाला का चालत नाही?
हा प्रकाश मांसात जेमतेम सेंटिमीटरभर जातो. शिंगाचा कॅन्सर जाड कवचाखाली, हाडाच्या पोकळीच्या अस्तरात सुरू होतो. तिथवर प्रकाश पोचत नाही. त्यामुळे इथे रंगापेक्षा मालकाची नजर कामाची.

लक्षणे ओळखा
हा रोग बहुतेक एकाच शिंगाला होतो. गाई-वळूंपेक्षा कामाच्या बैलांत, साधारण ५ ते १० वर्षे वयात तो जास्त दिसतो.
• बैल डोके झटकतो, शिंग भिंतीला घासतो
• डोके एका बाजूला कलते
• त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त किंवा घाण येते
• शिंग मुळाशी सैल होते, वाकते. पुढे गळून पडते आणि जखमेत अळ्या होतात

काय करावे?
सुरुवातीलाच शिंग मुळापासून काढण्याचे ऑपरेशन केले तर बैल वाचू शकतो. उशीर झाला की रोग कवटीकडे सरकतो. नुसती हळद किंवा डांबर लावून दिवस घालवू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासला की निदान पक्के होते.

पोळ्याला शिंगे रंगवताना हात शिंगांवर असतोच. तेव्हा दोन्ही शिंगे मुळाशी चाचपून पाहा.