वारणेचा संगणक, मास्तरांचा मोबाइल

जोतिबाच्या डोंगरावर उत्तरेच्या कड्याला उभं राहिलं की खाली वारणेचं खोरं पसरलेलं दिसतं. चैत्र यात्रेला गेलो की दर्शनानंतर मी तिथं घटकाभर टेकतो. शिक्षकांच्या हाती तंत्रज्ञान कसं आलं, याचा माग काढताना याच खोऱ्यात यावं लागलं.

१९९८ मध्ये इथं ‘वायर्ड वारणा’ प्रकल्प सुरू झाला. वारणानगरच्या सहकारी संस्था आणि सरकार यांनी मिळून कोल्हापूर-सांगली भागातल्या ७० गावांत संगणक नेण्याचं ठरवलं. शेती, आरोग्य, शिक्षण यांची माहिती गावात मराठीतून मिळावी, हा हेतू. प्रत्यक्षात ही केंद्रं चालली ती मुख्यतः उसासाठी: लागणीची नोंद, तोडीची पाळी, वजन, बिल. पुढे संशोधकांनी सात गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं आणि ते जमलं. म्हणजे गावाला यंत्राचं वावडं नव्हतं. उसाच्या बिलाची निकड होती, म्हणून संगणक तिथं रुजला. शाळेची निकड मास्तरांना विचारून कोणी मांडली असती तर, असं मला राहून राहून वाटतं.

त्याआधी, १९८४ मध्ये, पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली होती. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून येत. पाठ पुण्यात तयार होई, वेळ दूरदर्शन ठरवी. मास्तरांनी संच लावायचा आणि मुलांना गप्प बसवायचं.

हा क्रम उलटला तो सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. कोड मोबाइलवर धरला की कविता ऐकू येई, पाठाचा व्हिडिओ दिसे. नंतर राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये गुरुजींना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. इथं गरज ओळखणारा आणि साधन घडवणारा मास्तरच होता.

पण त्याच २०२० मध्ये टाळेबंदी आली. जोतिबाची यात्रा रद्द झाली, शाळांना कुलूप लागलं. मास्तर व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठवत होते आणि कितीतरी घरांतला एकुलता एक मोबाइल बापाच्या खिशातून रानात जात होता.

याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. २०२० मध्ये पालक मूल धाडायला तयार होते, पाठच घरापर्यंत पोचत नव्हता. मग दंड कोणाला करायचा?

म्हणून किती शाळांत किती यंत्रं गेली, ही मोजणी मला अपुरी वाटते. मास्तरांनी काय मागितलं आणि शेवटच्या मुलापर्यंत काय पोचलं, हेही दप्तरात नोंदलं गेलं पाहिजे.