तालमीतली मेहनत आणि भरतीचा गोळा



कुंडल म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, प्रतिसरकार आणि कुस्तीचं मैदान. आज आम्ही मैदानाकडून सुरुवात करणार आहोत, पण पैलवानांचं कौतुक सांगायला नव्हे. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या लेकी पोलीस भरतीची तयारी करताहेत. मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर धावण्याला 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 असतात. गोळा 4 किलोचा. गटाच्या बैठकीत या मुली आल्या की एक प्रश्न हमखास निघतो. गोळा टाकायच्या आधी जड वजन उचललं तर गोळा लांब जातो, असं कुणीतरी सांगतं. ते खरं की नुसती हवा?

प्रश्न नवा वाटतो, पण त्याचं मूळ जुनं आहे. आपल्या भागात ताकद कशी कमवायची याचा विचार पिढ्यानपिढ्या झाला. तालमीत जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल फिरवणं, दगडी नाल उचलणं आणि आखाड्याची लाल माती उकरणं ही रोजची मेहनत. वस्ताद पोराला आधी माती उकरायला लावायचा, मग लढतीला सोडायचा. वरवर ती साफसफाईची कामगिरी वाटते, पण फावडं चालवून अंग तापतं, खांदे मोकळे होतात आणि मगच पोरगा डाव टाकतो. त्यामागचं शास्त्र कुणी लिहून ठेवलं नव्हतं, अनुभव मात्र होता.

कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. संस्थानाचे चार तालुके, त्यांत कुंडल एक आणि आटपाडी एक. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. त्यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की ते मुलींसाठीही होते. तालमीच्या दारात बाईला थांबायला लागत होतं त्या काळातली ही गोष्ट आहे. पुढे 1943 पासून प्रतिसरकारच्या तुफान सेनेत याच भागातली पोरं कसून तयार झाली. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवली, त्यात कुंडलची माणसं होती. रानावनातून पळणारं शरीर आधी कमवावंच लागतं.

आता शास्त्राकडे वळू. 1871 मध्ये बोडिच नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने जर्मनीत बेडकाच्या हृदयावर प्रयोग केला. विसावलेल्या हृदयाला एकसारखे झटके देत गेलं, तर झटका तेवढाच असूनही प्रत्येक आकुंचन आधीच्यापेक्षा जोरकस होतं, पायऱ्या चढल्यासारखं. म्हणजे नुकतंच काम केलेला स्नायू पुढच्या कामाला जास्त तयार असतो. हाच गुण हातापायांच्या स्नायूंतही सापडला. 1960 च्या दशकात सोव्हिएत देशात वेर्खोशान्स्की या प्रशिक्षकाने उड्या मारणाऱ्या खेळाडूंना जड वजन आणि उड्या असं जोडीने करायला लावलं. तिथून ही पद्धत जगभर गेली.

यात मेख अशी, की जड वजन उचललं की स्नायूत एकाच वेळी दोन गोष्टी होतात. स्नायू जागा होतो आणि स्नायू थकतो. पहिल्या मिनिटाला थकवा वरचढ असतो, म्हणून वजन ठेवून लगेच उडी मारली तर ती कमीच जाते. थकवा आधी उतरतो, जागेपणा थोडा मागे रेंगाळतो. साधारण चार ते दहा-बारा मिनिटांच्या मधे कुठेतरी ती घडी सापडते. त्यानंतर सगळंच निवतं. चुलीवरचा तवा आठवा, फार तापला की भाकरी करपते, निवला की फुगत नाही.

ही घडी प्रत्येकीची वेगळी असते. बहुतेक अभ्यासांत वाढही छोटीच दिसते, शंभरात दोन-चार. काही जणांची कामगिरी उलट घसरते. ज्यांची ताकद मुळातच जास्त आणि वजनाचा सराव बरीच वर्षं, त्यांना फायदा जास्त. नवख्या मुलीला थकवाच अधिक मिळतो.

सांगलीचा संकेत सरगर पाहा. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्याने स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135 किलो उचलून रौप्य घेतलं. सुवर्ण फक्त एका किलोने हुकलं. 135 किलो म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या तीन गोण्या, आणि उचलणाऱ्याचं वजन 55. त्याची बहीण काजोल हिने त्याच वर्षी खेलो इंडिया युवा स्पर्धेत 40 किलो गटात सुवर्ण मिळवलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये 16.32 मीटर गोळा टाकून रौप्य आणलं. अशा शरीरामागे वर्षांची मेहनत असते, चाचणीच्या सकाळचं एखादं वजन नव्हे. आणि तालमीचं दार? 2023 च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली, आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने उचलली.

इथे एक गंमत सांगायला हवी. डोक्यावरचा हंडा उतरवला की अंग हलकं होऊन चालल्यासारखं वाटतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अमेरिकेत बेसबॉल खेळणारे बॅटीला जड कडं अडकवून फिरवतात, मग कडं काढून खेळतात. बॅट हलकी वाटते, वेगाने फिरल्यासारखी वाटते. मोजून पाहिलं तर वेग वाढलेला नसतो, कधी कमीच झालेला असतो. तेव्हा मुलगी म्हणाली, "आज गोळा कापसासारखा वाटला," तर टेप लावून बघा.

एका सराववर्गात मुलींना गोळा टाकायच्या ऐन आधी पन्नास बैठका काढायला लावतात, असं आमच्या कानावर आलं. आमच्या मते हे चुकीचं आहे. पन्नास बैठका म्हणजे जड मेहनत नव्हे, ती दमाची मेहनत. जड म्हणजे जेमतेम तीन-चार वेळा उचलता येईल इतकं. बैठकांनी पाय भरून येतात आणि गोळा जवळ पडतो, कारण गोळ्याचा जोर पायांतूनच निघतो. ऊसतोडीला मोळी वाहणाऱ्या बायांच्या पायांत ताकद कमी नसते, पण त्यांना मधे विसावा कुणी देत नाही.

भरतीच्या दिवशी तर घड्याळ आपल्या हातात नसतंच. पहाटेपासून रांग, नंबर कधी पुकारतील सांगता येत नाही. दहा मिनिटांची घडी साधायची कशी? त्यापेक्षा नाव जवळ आलं की अंग तापेल इतपत पळणं, दोन-तीन जोरकस उड्या, हातात काही न घेता गोळ्याची हालचाल, आणि मग तीन-चार मिनिटं शांत उभं राहणं. तापलेला स्नायू जास्त झटक्याने काम करतो, एवढं पक्कं आहे. थंडीत स्वेटर नाव पुकारेपर्यंत काढू नये. 800 मीटरला या जड वजनाच्या युक्तीचा भरवसा धरू नये, तिथे दम लागतो.

वजनाचा सराव करायचाच तर तो महिनोन्‌महिने, जाणकाराच्या नजरेखाली, आठवड्यात दोन दिवस. त्याआधी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असताना मुलीला वजनाखाली उभं करणं आम्हाला पटत नाही, मग भरती कितीही जवळ असो.

आपल्या गटाकडे 4 किलोचा गोळा एकच आहे. तो आणि मोजायची टेप गटाच्या खोलीत ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी आदल्या संध्याकाळी निरोप द्या, आणि फेक मोजताना तारीख, वेळ, आधी काय केलं हेही वहीत लिहा. दोन महिन्यांनी त्या वह्या घेऊन आपण याच वेळेला पुन्हा बोलू.