राष्ट्रपति-निवडणूक

राष्ट्रपति-निवडणूक : भारतीय संघराज्याच्या प्रमुखाची निर्वाचकगणामार्फत होणारी अप्रत्यक्ष निवडणूक. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतही राष्ट्राध्यक्षाची निवड औपचारिक दृष्ट्या अप्रत्यक्षच असते. मात्र मतांचे मूल्य ठरविण्याच्या आणि ती मोजण्याच्या दोन्ही देशांतील रीती परस्परांहून मूलतः भिन्न आहेत.

फिलाडेल्फिया येथील १७८७ च्या परिषदेत अमेरिकेची पद्धती ठरली. प्रत्येक घटक राज्याला त्याचे प्रतिनिधिगृहातील सदस्य व दोन सिनेटर ह्यांच्या बेरजेइतके निर्वाचक मिळतात. १९६१ च्या घटनादुरुस्तीने राजधानीच्या प्रदेशालाही निर्वाचक मिळाले. एकूण ५३८ निर्वाचकांपैकी किमान २७० जणांची मते विजयासाठी लागतात. मेन व नेब्रॅस्का वगळता इतर राज्यांत सर्वाधिक लोकमते मिळविणाऱ्या उमेदवाराच्या पदरात राज्याचे सर्व निर्वाचक पडतात. त्यामुळे २००० आणि २०१६ साली देशभरात कमी लोकमते मिळालेला उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला.

भारताच्या संविधानसभेत के. टी. शाह ह्यांनी राष्ट्रपती प्रौढ मतदारांनी थेट निवडावा, अशी सूचना मांडली होती. मतदारसंख्येचा प्रचंड विस्तार आणि राष्ट्रपतीचे नामधारी स्वरूप ही कारणे देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये ती अमान्य केली. संविधानाच्या ५४ व ५५ ह्या अनुच्छेदांनुसार संसदेचे व राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य गुप्त मतदान करतात. नामनियुक्त खासदारांना आणि विधान परिषदेच्या सदस्यांना हा अधिकार नाही. खासदारांची मतपत्रिका हिरवी, तर आमदारांची गुलाबी असते.

मतमूल्याचे गणित नंदुरबार जिल्ह्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्यात अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार व नवापूर हे चार विधानसभा मतदारसंघ असून ते सर्व अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ आमदारांनी व पुन्हा एक हजाराने भागले असता एका आमदाराचे मतमूल्य १७५ येते. सातपुड्यातील अक्कलकुव्याचा आमदार असो वा मुंबईचा, हे मूल्य समानच असते. नंदुरबारच्या चार आमदारांचे एकूण मूल्य ७०० होते. २०२२ मध्ये एका खासदाराचे मतमूल्यही ७०० होते. त्या वर्षी जिल्ह्यातील दोन आमदार भारतीय जनता पक्षाचे, तर दोन काँग्रेसचे होते. अमेरिकेची रीत असती, तर राज्याची सर्व ५०,४०० मते एकाच उमेदवाराच्या नावे जमा झाली असती. भारतात प्रत्येक आमदाराची १७५ मते स्वतंत्रपणे मोजली जातात. ह्याच निवडणुकीत संथाळ समाजातील द्रौपदी मुर्मू ह्यांनी यशवंत सिन्हा ह्यांचा ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७ मतांनी पराभव केला व त्या देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती झाल्या.

एकल संक्रमणीय मतपद्धतीचा निर्णायक प्रत्यय १९६९ मध्ये आला. मूळचे महाड तालुक्यातील नाते येथील चिंतामणराव देशमुख हे तिसरे प्रमुख उमेदवार होते. व्ही. व्ही. गिरी ह्यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ह्यांना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ मते आवश्यक होती. इतर उमेदवार बाद होऊन त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावरच गिरी ४,२०,०७७ मतांनी विजयी झाले. देशमुखांच्या मतदारांपैकी बहुतेकांची दुसरी पसंती रेड्डींना असूनही ती अपुरी पडली.

मतदारावर पक्षादेशाचे बंधन नसते. खानदेशातील जळगावच्या प्रतिभा पाटील २००७ मध्ये उमेदवार असताना विरोधी आघाडीतील शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा दिला. पाटील ह्यांना ६,३८,११६, तर भैरोसिंह शेखावत ह्यांना ३,३१,३०६ मते मिळाली.

ह्या पद्धतीतील वादाचा मुद्दा लोकसंख्येच्या आधारवर्षाचा आहे. कुटुंबनियोजनात आघाडी घेणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, म्हणून ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) १९७१ ची जनगणना आधार म्हणून गोठविली आणि ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढविली. ह्या आधारावर आमदाराचे मतमूल्य उत्तर प्रदेशात २०८ व केरळात १५२ होते. २०११ ची लोकसंख्या धरल्यास ते अनुक्रमे ४९६ व २३९, तर महाराष्ट्रात ३९० भरेल. म्हणजे उत्तर प्रदेशातील आमदाराचे मत केरळातील आमदाराच्या मताच्या दुपटीहून जड होईल. अमेरिकेत प्रत्येक राज्याला मिळणाऱ्या दोन सिनेटरांमुळे लहान राज्यांचे वजन वाढते. भारतात ते लोकसंख्येच्या जुन्या आकड्याने राखले गेले. आधारवर्ष बदलताना लोकसंख्येला न्याय द्यावयाचा की राज्याराज्यांतील तोल राखावयाचा, हा प्रश्न टाळता येणार नाही.