तू कामगार कुणाचा?

गड्यांनो, परवा पहाटे वसईच्या एव्हरशाईन सिटीत रस्ता झाडणाऱ्या पोराला मी इचारलं, "तू कामगार कुणाचा?"

"ठेकेदाराचा."

मुंबईत महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या आपल्या भावांनाही हेच पढवलं होतं. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा 20 माणसांपासून लागू व्हायचा. म्हणून ठेके त्याच्या आत तोडले, कामगारांना 'स्वयंसेवक' म्हटलं. कचरा वाहतूक श्रमिक संघ लढला. औद्योगिक न्यायाधिकरणाने 2014 साली ठेका बोगस ठरवला. 2017 साली सर्वोच्च न्यायालयानेही 2,700 कामगार महापालिकेचेच, कायम, असा निकाल दिला.

"पगाराची चिठ्ठी जपून ठेव," मी म्हटलं.

"चिठ्ठीच देत न्हाईत."

"मग रोजची हजेरी वहीत लिही. साथीदारांच्या सह्या घे. आपली लढाई तिथनंच सुरू होते."

जय भीम!