सिमेंटची गोणी आणि सहीची किंमत

मागच्या भागात आपण ग्रामसभेचे अधिकार पाहिले. त्यानंतर काही गटांनी विचारलं, "सरपंचाला आपण गावात जाब विचारतो, पण आमदाराला, मंत्र्याला कोण विचारतं?" म्हणून आज आम्ही आपल्याच राज्याच्या इतिहासातली एक गोष्ट सांगणार आहोत. ती एका आमदाराची आहे. तो मुख्यमंत्रिपदापर्यंत चढला आणि दीड वर्षात खाली उतरला. त्यांचं नाव बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले.

हे नाव काहींनी ऐकलं नसेल. पण त्यांनी सुरू केलेली एक योजना तुमच्या गावात नक्की आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, अपंग, ज्यांना कोणाचा आधार नाही अशांना दरमहा मिळणारे पैसे. तहसील कचेरीत अर्ज, चौकशी, मग मंजुरी, हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. ही योजना ऑक्टोबर १९८० मध्ये सुरू झाली, तेव्हा अंतुले मुख्यमंत्री होते. सुरुवातीला रक्कम अगदी थोडी होती. वाढत वाढत २०२३ मध्ये ती १५०० रुपये झाली.

अंतुले हे रायगड जिल्ह्यातल्या, सावित्रीच्या खाडीकाठच्या आंबेत गावचे. जन्म १९२९ चा. इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन काँग्रेसचं काम करू लागले. १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले. पुढे मंत्रीही झाले. आणीबाणीनंतर काँग्रेस फुटली. पुष्कळ मोठी मंडळी इंदिरा गांधींना सोडून गेली, अंतुले मात्र त्यांच्याबरोबर राहिले. १९८० मध्ये इंदिराबाई पुन्हा सत्तेवर आल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान.

माणूस झपाट्याने काम करणारा. फाईल महिनोन्महिने पडून राहणं त्यांना खपत नसे. त्यांच्या काळात १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे दोन नवे जिल्हे झाले. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ सुरू झालं, म्हणजे मराठवाड्यातल्या माणसाला दाव्यासाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही. ही कामं खरी आहेत. ज्यांना त्यांचा उपयोग झाला, त्यांनी ती लक्षात ठेवली.

मग बिघडलं कुठे? ते समजायला आधी सिमेंटचं समजून घ्यावं लागेल.

आज आपण दुकानात जातो, पैसे देतो, हव्या तेवढ्या गोण्या आणतो. तेव्हा तसं नव्हतं. सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं. माल कमी, मागणी जास्त. घर बांधायचं, विहीर बांधायची, तर परवाना लागे. किती गोण्या कोणाला द्यायच्या हे सरकार ठरवी. परवान्याचा भाव वेगळा आणि काळ्या बाजारातला भाव त्याहून कितीतरी चढा. घासलेटच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. जिथे वस्तू कमी असते, तिथे परवान्यावर सही करणाऱ्या हाताला किंमत येते. मुंबईतल्या बिल्डरांना तर सिमेंट म्हणजे सोनंच होतं.

याच काळात अंतुले यांनी एक ट्रस्ट काढला. नाव इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. साहित्यिक-कलावंतांना मदत करणं हा त्याचा उद्देश सांगितला गेला. विश्वस्तांमध्ये स्वतः अंतुले होते. या आणि अशाच दुसऱ्या ट्रस्टांकडे देणग्या येऊ लागल्या आणि रक्कम कोटींच्या घरात गेली. उद्देश चांगला, नाव मोठं. मग हरकत कशाला?

हरकत अशी, की देणाऱ्यांमध्ये बिल्डर होते, आणि त्याच बिल्डरांना सरकारकडून सिमेंट हवं होतं. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी इंडियन एक्स्प्रेस या वर्तमानपत्रात अरुण शौरी यांनी हे सगळं कागदपत्रांसह छापलं. लोकसभेपासून चावडीपर्यंत गदारोळ झाला. मुख्यमंत्र्यांचं म्हणणं, पैसा चांगल्या कामाला आहे. विरोधकांचं म्हणणं, ही देणगी नाही, ही सिमेंटची किंमत आहे.

नुसत्या आरडाओरड्याने मुख्यमंत्री गेले नसते. समाजवादी नेते प. बा. सामंत आणि त्यांचे सहकारी मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यापुढे सुनावणी झाली. १२ जानेवारी १९८२ रोजी त्यांनी निकाल दिला. सिमेंटचं वाटप आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध आहे, एकाच्या बदल्यात दुसरं झालं आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच दिवशी अंतुले यांनी राजीनामा देत असल्याचं सांगितलं. त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले.

मैत्रिणींनो, गोष्ट इथे संपत नाही. आपल्या कामाचा भाग पुढेच आहे.

खुर्ची गेली, पण गुन्ह्याचा खटला वेगळा चालणार होता. भाजपचे नेते रामदास नायक यांनी तक्रार केली. तेव्हा एक कायदेशीर पेच निघाला. लाचलुचपतीच्या कायद्याखाली लोकसेवकावर खटला भरायचा तर आधी वरची परवानगी लागते. मुख्यमंत्रिपद गेलं तरी अंतुले आमदार होतेच. मग आमदार हा लोकसेवक आहे का? असेल, तर त्याच्यासाठी परवानगी कोणी द्यायची? खालच्या विशेष न्यायाधीशांनी याच मुद्द्यावर त्यांना सोडून दिलं. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो निर्णय फिरवला. आमदार हा त्या वेळच्या कायद्याच्या व्याख्येतला लोकसेवक नाही, म्हणून त्या परवानगीची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं आणि खटला उच्च न्यायालयाकडे पाठवला. पुढे १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने बहुमताने ठरवलं की खटला असा थेट उच्च न्यायालयात नेणंच चूक होतं, कारण त्यामुळे आरोपीचा अपिलाचा हक्क कमी होतो. म्हणजे सहा वर्षांनी गाडी पुन्हा मागच्या स्टेशनावर.

शेवट काय झाला? या प्रकरणात अंतुले यांना शिक्षा झाली नाही. १९८९ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. डिसेंबर २०१४ मध्ये ते वारले. म्हणून आम्ही त्यांना गुन्हेगार म्हणत नाही आणि तुम्हीही म्हणू नका. उच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जे नोंदवलं ते नोंदलेलं आहे, आणि शिक्षा झाली नाही हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवूनच हा इतिहास वाचावा लागतो.

या भांडणातून कायद्यात काय बदललं? आमदार लोकसेवक नाही असं म्हणणं पुढे परवडणारं नव्हतं. १९८८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधाचा नवा कायदा आला. त्यात लोकसेवकाची व्याख्या मोठी झाली. सार्वजनिक कर्तव्य करण्याचा अधिकार ज्या पदामुळे मिळतो, त्या पदावर बसलेला माणूस लोकसेवक. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासदारांना या व्याख्येत धरलं. मार्च २०२४ मध्ये झारखंडच्या एका आमदाराच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींनी आणखी एक दार बंद केलं. सभागृहात मत देण्यासाठी किंवा बोलण्यासाठी लाच घेतली, तर सभागृहाचं संरक्षण मिळणार नाही. सिमेंटचं नियंत्रणही गेलं. १९८२ मध्ये ते सैल झालं आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं.

आता आपल्याकडे वळू. आपल्या गटातही सही असते. अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीने बँकेतून पैसे निघतात. कोणाला आधी कर्ज द्यायचं हे आपणच ठरवतो. समजा, कर्जाच्या रांगेत बसलेली बाई अध्यक्षेला म्हणाली, "ताई, तुमच्या देवळाच्या वर्गणीला माझे पाच हजार घ्या." देऊळ चांगलं, वर्गणी चांगली. पण रांगेतल्या बाकीच्या बायांना काय वाटेल? आमच्या मते एक साधी कसोटी आहे. देणाऱ्याचं काम आपल्या सहीवाचून अडलेलं असेल, तर ती देणगी घेऊ नये. घ्यायचीच असेल तर काम उरकल्यावर, सगळ्यांसमोर, पावती देऊन आणि रजिस्टरात लिहून. मुख्यमंत्र्यांच्या गोष्टीत हीच कसोटी कोटींच्या हिशेबात लागली, एवढंच.

दुसरी गोष्ट निराधार योजनेची. गावात अजून ऐकू येतं, "अमक्या साहेबांनी माझी पेन्शन चालू केली, मग मत त्यांनाच." योजना सुरू करणारा माणूस पायउतार झाला, त्यानंतर कितीतरी सरकारं आली आणि गेली. पेन्शन चालू राहिली, कारण ती सरकारी तिजोरीतून मिळते, कोणाच्या खिशातून नाही. ज्या विधवेचा अर्ज नियमात बसतो, तिचा तो हक्क आहे. त्यासाठी कोणाला चहापाण्याचे पैसे द्यायचे नाहीत आणि कोणाचे उपकारही मानायचे नाहीत. अर्ज दिला की पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा, माझा अर्ज कोणत्या टेबलावर आहे? आणि निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता आणि आपल्यावरचे खटले शपथपत्रावर लिहून द्यावे लागतात. ते कोणालाही पाहता येतं. गटातल्या शिकलेल्या मुलीला सांगा, मोबाईलवर काढून वाचून दाखवेल.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गावात निराधार योजनेला पात्र असून जिचा अर्जच गेलेला नाही अशी एक तरी बाई शोधा, आणि गटाने मिळून तिचा अर्ज भरा. काय झालं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमचीच माहिती आम्ही सगळ्यांना ऐकवू.