एक सतरा अंकी संख्या

श्रोतेहो, पाटी घ्या आणि शेजारी शेजारी नऊ वेळा एक लिहा: १११११११११. आता या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढण, मग तशीच उतरण. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, संख्या तीच. लीलावतीत भास्कराचार्यांनी एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. आपली संख्या सतरा अंकी. म्हणजे परार्धाच्या एकच पायरी खाली.

या संख्येचे कूळ आपल्या शेजारचेच आहे. पनवेलहून गाडीने दिव्यास गेले की पुढे डोंबिवली लागते. या स्टेशनला पूर्वी डेमलो म्हणत. १९२३ साली तेथे गाडी बदलताना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या अठरा वर्षांच्या तरुणाच्या मनात अशा संख्यांचा अभ्यास करण्याचे आले. म्हणून त्यांनी नाव दिले 'डेमलो संख्या'.

पण चमत्कार पाहून थांबू नये. तो का घडतो, हे विचारावे. गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी होतात, आणि प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक, दुसऱ्यात दोन, असे करीत मधल्या घरात नऊ. पुढे पुन्हा कमी कमी. कोठेही हातचा येत नाही. सगळी गंमत एवढ्यातच आहे! नऊ ओळींत नऊ नऊ एक, म्हणजे एक्याऐंशी. आणि उत्तरातील अंकांची बेरीजही एक्याऐंशीच भरते.

मग दहा एक घेतले तर? मधल्या घरात दहा जमतात, हातचा डावीकडे जातो, तेथल्या नवाचेही दहा होतात, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहीसा! आपण दहाने मोजतो, म्हणून नऊ ही या नियमाची हद्द. नऊ उदाहरणे बरोबर आली, तरी दहावे येईलच असे नाही. कारण कळले, तरच हद्द कळते.

कापरेकर १९२९ साली बी. एस्‌सी. झाले आणि १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. पुढची पदवी नव्हती, म्हणून कित्येक जाणत्यांनी त्यांचे काम पोरखेळ मानले. पण १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी आपल्या मासिक सदरातून ते जगापुढे ठेवले. मास्तरांचे साहित्य काय, तर कागद, पेन्सिल आणि चिकाटी. ते आपल्या खेड्यातल्या शाळेतही आहे.

तेव्हा गुरुजी, उद्या वर्गात दहा एकांचा गुणाकार मुलांकडूनच मांडून घ्या. आठ कोठे हरवला, हे मात्र आपण सांगू नका.