‘राइट–रोट–रिटन’: एका पाठांतराची पूर्वपीठिका

इंग्रजी क्रियापदांची तीन रूपे पाठ करवून घेण्याची पद्धत महाराष्ट्रातील शाळांत पिढ्यान् पिढ्या रूढ आहे. ‘गो–वेंट–गॉन’, ‘राइट–रोट–रिटन’ अशी घोकंपट्टी झाली, की तिच्या आधारे कोणताही धातू बारा काळांत चालविता येतो, अशी ही व्यवस्था. घोकणाऱ्याला ही रूपे पाढ्यांसारखी स्वयंसिद्ध वाटतात. ‘राइट’चे तिसरे रूप कोणते असावे, हा प्रश्न मात्र अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोकळाच होता, आणि त्याचा निवाडा करणाऱ्यांत एक काव्यमीमांसक अग्रभागी होता, ही बाब वाङ्मयाच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही.

जुन्या इंग्रजीत ह्या धातूचा मूळ अर्थ कोरणे, ओरखडणे असा होता. (संस्कृत ‘लिख्’चाही तोच.) भूतकाळी त्याची अंगे दोन होती: एकवचनी ‘व्राट’ आणि अनेकवचनी ‘व्रिटन’, भूतकालवाचक धातुसाधिताचा स्वर अनेकवचनी अंगासारखा. धातूच्या पोटातला स्वर पालटून काळ दाखविण्याची ही रीत फार पुरातन असून संस्कृतातील गुणवृद्धीशी तिचे नाते आहे. शालेय व्याकरण जिला ‘अनियमित’ म्हणते ती रूपावली अशी मुळात एका शिस्तशीर गणाची होती. पुढे क्रियापदातील वचनभेद झिजला आणि दोन अंगांपैकी एकच राहणे क्रमप्राप्त झाले. ‘राइट’मध्ये एकवचनी स्वर टिकला, त्याच गणातील ‘बाइट’मध्ये अनेकवचनी. म्हणून एकाचे ‘रोट’, दुसऱ्याचे ‘बिट’. यामागे तर्क शोधू जाणे व्यर्थ आहे. शेक्सपिअरच्या काळी ‘रिट’ हेही भूतकाळी रूप सर्रास चालत होते. ‘गो’ची कथा आणखी निराळी: त्याचे जुने भूतकाळी रूप मागे पडले आणि ‘वेंड’ ह्या दुसऱ्याच धातूचे ‘वेंट’ त्या जागी येऊन बसले.

थॉमस ग्रे याची ग्रामीण दफनभूमीवरील विलापिका १७५१ साली प्रथम छापली गेली, तेव्हा तिच्या शीर्षकात आज परिचित असलेले ‘रिटन’ नव्हते, ‘रोट’ होते. ग्रे हा केंब्रिजमधला व्यासंगी विद्वान. त्याच्यावर अशिक्षितपणाचा आरोप कोणी करणार नाही. धातुसाधिताच्या जागी भूतकाळी रूप योजणे त्या पिढीच्या सुशिक्षितांना खटकत नव्हते, एवढाच याचा अर्थ. पुढील आवृत्त्यांतून शीर्षक पालटले. वारे कोणत्या दिशेने वाहू लागले होते, ते यावरून कळते.

रॉबर्ट लाउथ याचे छोटेखानी इंग्रजी व्याकरण १७६२ साली प्रसिद्ध झाले. लाउथ पुढे लंडनचा बिशप झाला. तत्पूर्वी तो ऑक्सफर्ड येथे काव्याचा प्राध्यापक होता आणि हिब्रू काव्यातील समांतर चरणरचनेचा उलगडा करणारी त्याची लॅटिन व्याख्याने १७५३ साली ग्रंथरूपाने आली होती. म्हणजे ज्याने एका प्राचीन काव्यपरंपरेचे नियम तिच्या अंतरंगातून शोधले, त्यानेच स्वभाषेतील थोर लेखकांना व्याकरणाच्या पिंजऱ्यात उभे केले. मिल्टन, ड्रायडन, ॲडिसन, पोप, स्विफ्ट यांच्या लेखनातून ‘हॅव रोट’ धर्तीची उदाहरणे वेचून त्याने ती सदोष ठरविली. लाउथवर सगळा दोष लादणे मात्र अन्यायाचे होईल. ग्रेचे उदाहरण पाहता, चालू असलेल्या बदलावर त्याने शिक्कामोर्तब केले असे म्हणणे अधिक रास्त. पण त्या शिक्क्याचा परिणाम विपरीत झाला. रसिकाचा एक विवेकनिष्ठ, वादक्षम अभिप्राय पाठ्यपुस्तकात जाऊन नियम झाला, आणि इंग्लंड-अमेरिकेतील ज्या बोलींनी ‘हॅव रोट’ जपले, त्या बोलणाऱ्यांच्या कपाळी अडाणीपणा लिहिला गेला.

हे काम मुख्यतः लिंडली मरे याच्या १७९५ च्या व्याकरणाने केले. मरे हा स्वतंत्र प्रज्ञेचा वैयाकरण नव्हे, संकलक होता. लॅटिनच्या घाटावर इंग्रजीचे सहा काळ मांडणारी त्याची कोष्टके अफाट खपली. वास्तविक जॉन वॉलिस ह्या गणितज्ञाने १६५३ सालीच इंग्रजीत वर्तमान आणि भूत असे दोनच काळ असून बाकीचे काम साहाय्यक क्रियापदे करतात, असे स्वच्छ सांगितले होते. गंमत अशी, की लॅटिनचा साचा झुगारणारा हा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिलेला होता. शाळांनी वॉलिसला बाजूस सारले, कारण कोष्टक शिकवायला आणि तपासायला सोपे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढला. त्यांपैकी ९८ अद्याप तशी आहेत. क्रियापद जितके अधिक वापरातले, तितके त्याचे जुने रूप चिवट, हा त्यातील निष्कर्ष. १६११ च्या बायबलातले ‘होल्पन’ जाऊन ‘हेल्प्ड’ स्थिरावले; उलट, त्याच ग्रंथातील नियमित ‘डिग्ड’ मागे पडून ‘डग’ हे अनियमित रूप पुढे आले.

इंग्रजी व्याकरणाचा हा घाट मराठीच्या वाट्यालाही आला. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चे. त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या वळणाची आहे. ‘कर–केला’, ‘मर–मेला’, ‘जा–गेला’ ही रूपे मराठीच्या वर्गात आजही अपवाद म्हणूनच सांगितली जातात. वास्तविक ‘केला’त ‘कृत’, ‘मेला’त ‘मृत’ आणि ‘गेला’त ‘गत’ प्राकृताच्या वाटेने उतरले आहेत; पैकी ‘जा’ हा ‘या’पासून आलेला, म्हणजे ‘गो–वेंट’सारखाच दोन धातूंचा संसार. लहान मूल ‘करला’ म्हणते तेव्हा ते उत्तरकालीन सर्वसामान्य नियम लावत असते. मोठी माणसे त्याला दुरुस्त करून ‘केला’ म्हणायला शिकवितात ते त्याहून जुन्या नियमाच्या आधारे, त्याचे भान त्यांना नसले तरी.